पायाखालचं टोकोनामे

नागोयाच्या दक्षिणेला चिता नावाचं एक लांबट द्वीपकल्प समुद्रात उतरतं. त्याच्या पश्चिम काठावर, इसे उपसागराकडे तोंड करून, टोकोनामे हे गाव आहे. तिथल्या टेकडीवर एक चढाची गल्ली आहे. तिच्या एका हाताला सांडपाण्याच्या पाइपांची भिंत, दुसऱ्या हाताला दारूच्या बुधल्यांची भिंत, आणि पायाखाली भाजक्या मातीच्या चकत्या. गल्लीचं नाव डोकान-झाका, म्हणजे पाइपांचा चढ. या गल्लीचा फोटो काढायला लोक दूरदूरच्या देशांतून येतात.

मी उभी हयात महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात काढली. आधी कनिष्ठ अभियंता म्हणून, मग उपअभियंता म्हणून. ज्याला आम्ही साइटवर ‘एसडब्ल्यू पाइप’ म्हणायचो, तो मातीचा, तपकिरी, काचेसारखी झाक असलेला पाइप मी इतका हाताळलाय की अंधारातही बोटांना कळावा. तो पाइप भिंतीत असा मानाने बसवलेला पाहून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. आमच्या कामाकडे कुणी कधी बघत नाही. इथे एक अख्खं गाव त्याच्यावर उभं आहे आणि ते लपवत नाही.

जपानी मातीकाम म्हटलं की आपल्यासमोर चहाचा वाडगा येतो. थोडा वाकडा, हातात धरून बघत राहावं असा, ज्याच्या मागे एखाद्या गुरूचं नाव आहे असा. बिझेन, शिगाराकी ही नावं चहाच्या अशा भांड्यांमुळे मोठी झाली. टोकोनामेचा नऊशे वर्षांचा इतिहास मात्र मोठ्या, जाड, बिननावाच्या वस्तूंचा आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा जमिनीत पुरण्यासाठीच घडवलेल्या होत्या. रांजण पुरले, अस्थिकलश पुरले, पाइप पुरले. हे गाव पाहायचं तर वाडगे शोधत फिरू नये. रस्ता बघावा, भिंत बघावी, गटार बघावं.

माझी मुलगी नागोयात नोकरी करते. तिने माझ्यासाठी एक वाटाडे ठरवले होते. वयाने ऐंशीच्या घरातले, ताठ, कमरेला छोटी पिशवी. शाळा सुटल्यावर पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते इथल्या एका पाइप कारखान्यात कामाला लागले होते. मुलगी दुभाषी. मी काय काम करत होते हे तिने त्यांना सांगितलं तेव्हा ते थांबले, माझ्याकडे वळून वाकले आणि म्हणाले, “मग आपण दोघं एकाच धंद्यातले. आम्ही बनवायचे, तुम्ही पुरायचे.” त्यानंतर त्यांनी पर्यटकांना सांगायच्या बऱ्याच गोष्टी गाळल्या आणि मला हव्या होत्या त्या सगळ्या सांगितल्या.

चालायची आखीव वाट दीड किलोमीटरहून थोडीच जास्त आहे. 1.6 किलोमीटर, तासाभराची, मातीकामाच्या विक्रीभवनापासून सुरू होणारी. आम्हाला तिच्यावर दुपार झाली. ती वाट म्हणजे जुनी कारखान्यांची वस्तीच आहे. अरुंद गल्ल्या, काळ्या फळ्यांची घरं, विटांची चौकोनी धुराडी. काही धुराड्यांच्या तोंडातून झाडं उगवलेली आहेत. गल्ल्या सरळ नाहीत, कारण इथली भट्टी टेकडीच्या उताराला टेकून बांधायची असते. आधी भट्ट्या बसल्या, मग उरलेल्या जागेत घरं बसली आणि त्यानंतर जे उरलं तो रस्ता झाला.

वाटाड्यांनी सुरुवात केली ती मातीपासून. लाखो वर्षांपूर्वी या भागात एक विस्तीर्ण सरोवर होतं. त्याच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे टोकोनामेची माती. बारीक, लवचीक, आणि लोहाचं प्रमाण भरपूर. लोहामुळे ती भाजल्यावर लाल-तपकिरी होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती तुलनेने कमी उष्णतेवर घट्ट होते. वरून झिलई न देताही पाणी धरून ठेवते. पांढऱ्या शुभ्र, नाजूक भांड्यांसाठी ही माती कामाची नाही. माणूस आत बसेल एवढा रांजण उभा करायचा तर हिच्यासारखी माती नाही. गावाचं पुढचं सगळं प्राक्तन या एका गुणात आहे असं मला वाटतं.

बाराव्या शतकात, हेइआन काळाच्या अखेरीस, द्वीपकल्पाच्या टेकड्यांमध्ये भट्ट्या खोदल्या जाऊ लागल्या. टेकडीच्या उतारात खणलेलं एक लांब तिरकं भुयार, खाली विस्तव, वर धूर जायला वाट. अशा भट्टीला आनागामा म्हणतात. मध्ययुगात या एका द्वीपकल्पावर अशा सुमारे 3000 भट्ट्या होत्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे. टोकोनामे हे त्या साऱ्याचं नाव झालं. पुढे विसाव्या शतकात अभ्यासक कोयामा फुजिओ यांनी जपानच्या ‘सहा प्राचीन भट्ट्या’ अशी मांडणी केली. सेतो, टोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन. 2017 मध्ये या सहांना मिळून ‘जपान वारसा’ म्हणून मान्यता मिळाली.

त्या भुयारांत दोन प्रकारचा माल निघायचा. एक, रोजच्या जेवणाचे बिनझिलईचे साधे वाडगे. ते एकात एक रचून भाजायचे आणि चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचं तूस पसरायचे. आजही जुन्या भट्टीच्या जागी असे वाडगे सापडतात, काही एकमेकांना कायमचे जडलेले. बुडाशी बघितलं तर तुसाचे ठसे दिसतात. आठशे वर्षांपूर्वीच्या कुणा कामगाराने मूठभर तूस टाकलं, त्याची खूण अजून मोजता येते.

दुसरा माल म्हणजे रांजण, आणि इथे मी वाटाड्यांना थांबवून ठेवलं. एवढा मोठा रांजण चाकावर फिरवता येत नाही. म्हणून इथले कारागीर स्वतः फिरायचे. मनगटाहून जाड मातीचा दोर वळायचा, तो खांद्यावर टाकायचा, आणि रांजणाभोवती उलट्या पावलांनी चालत चालत त्याचं एकेक वेटोळं काठावर चढवत जायचं. थोडी उंची झाली की थांबायचं, तो थर वरचं वजन पेलण्याइतका सुकू द्यायचा, मग पुढचा थर. घाई केली तर खालचा भाग बसतो. वाटाड्यांनी रस्त्यातच खांद्यावर हात ठेवून ती चाल करून दाखवली. पाय आधी मागे, मग बाजूला, कंबर किंचित वळलेली. त्यांच्या तरुणपणी हे काम येणारे म्हातारे कारागीर गावात होते, त्यांना बघून ते शिकले. चाल शिकले, रांजण नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

हे रांजण गावात राहिले नाहीत. समोर समुद्र आहे आणि जड माल नेण्यासाठी होडीइतकं स्वस्त वाहन नाही. उत्तरेला शेकडो किलोमीटरवर हिराइझुमी ही बाराव्या शतकातल्या उत्तरेकडच्या फुजिवारा घराण्याची राजधानी. तिथल्या उत्खननात टोकोनामेची भांडी सापडली आहेत. कामाकुरात सामुराईंची सत्ता आली तेव्हा तिथेही ती मोठ्या संख्येने गेली. पाणी साठवायला, धान्याला, रंगाऱ्याच्या कुंडासाठी, मृताच्या अस्थी ठेवायला. बौद्ध धर्म लयाला जाण्याचा काळ आला या भीतीने लोक सूत्रग्रंथ जमिनीत पुरून ठेवायचे. त्या पुरणातही टोकोनामेचे कलश आहेत, अंगावर तीन आडव्या रेघा ओढलेले. कलशाच्या खांद्यावर कधीकधी हिरवट झिलई ओघळलेली दिसते. ती कुणी लावलेली नाही. भट्टीतल्या लाकडाची राख उडून पडली आणि वितळली.

त्यापुढची काही शतकं मी भराभर ओलांडते. टेकड्यांतल्या भट्ट्या कमी होत गेल्या, धंदा किनाऱ्याजवळच्या वस्तीत एकवटला, भुयारांची जागा मोठ्या भट्ट्यांनी घेतली. माल तोच राहिला, रांजण आणि घडे. फरक पडला तो 1830च्या दशकात. कोइए घराण्याने अनेक खोल्यांची चढती भट्टी गावात आणली आणि उच्च तापमानाला पक्का भाजलेला माल मोठ्या प्रमाणात काढता येऊ लागला. या घराण्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

टेकडीवर ताकिता नावाच्या जहाजमालक घराण्याचा वाडा आहे. 1850च्या सुमाराचा, आता दुरुस्त करून लोकांसाठी खुला. रांजण आणि नंतर पाइप वाहणाऱ्या होड्या असल्या व्यापाऱ्यांच्या. आत त्या होड्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. त्या मी पाहिल्या, पण जास्त वेळ अंगणात गेला. तिथे जमिनीत एक घडा उलटा पुरलेला आहे. वरून पाणी झिरपतं, घड्याच्या तळाला असलेल्या भोकातून थेंब आत पडतो आणि पोकळीत त्याचा नाद घुमतो. जपानी बागांमध्ये हात धुण्याच्या कुंडीजवळ हा प्रकार करतात, त्याला सुइकिनकुत्सू म्हणतात. मुलगी म्हणाली, “आई, किती सुंदर वाजतंय!” सुंदर वाजतच होतं. मी मात्र घड्याभोवती रचलेली खडी बघत होते. पाणी तुंबलं तर आवाज बंद होणार. म्हणजे त्या नादाच्या खाली निचऱ्याची नेटकी व्यवस्था आहे आणि कुणीतरी ती वेळोवेळी साफ करतं.

तिथून डोकान-झाका जवळच आहे.

फोटोत ही गल्ली देखणी दिसते. प्रत्यक्षात उभं राहून बघितलं की ती शहाणपणाने बांधलेली दिसते. मेइजी काळातले पाइप आडवे, एकावर एक रचून त्यांची तोंडं रस्त्याकडे केली आहेत. समोरची भिंत शोवा काळाच्या आरंभीच्या, शोचू नावाच्या दारूच्या बुधल्यांची. हा सगळा भट्टीतून तडा जाऊन, वाकून किंवा जास्त होऊन उरलेला माल. टेकडीची माती भुसभुशीत, पाऊस भरपूर. अशा ठिकाणी सलग दगडी भिंत घातली तर मागे पाणी साचून ती फुगते आणि एक दिवस आडवी होते. आम्ही आधारभिंत बांधताना तिच्यात ठरावीक अंतरावर पाणी झिरपायला भोकं ठेवतो. इथे बारीक सांध्यांतून पाणी वाट काढतं, आणि गोल आकार माती पेलून धरतो. ही भिंत घालणाऱ्यांनी कुठे हिशोब मांडला नसेल. पण त्यांना ओल कळत होती.

पायाखालच्या चकत्यांना ‘केसावा’ म्हणतात. पाइप भट्टीत उभा ठेवताना त्याच्याखाली त्याच मातीची एक कडी ठेवायचे. माती भाजताना आकसते, साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास. पाइप थेट भट्टीच्या फरशीवर ठेवला तर आकसताना खालची कडा घासते, वेडीवाकडी होते, कधी फाटते. खालची कडी पाइपाबरोबरच आकसते आणि सगळा ताण स्वतः घेते. एका भाजणीनंतर ती टाकाऊ. अशा हजारो कड्या जमायच्या. त्या चढावर रोवल्या की पावसात पाय घसरत नाही. मी तिथे खाली बसून एक कडी नीट बघितली. तिच्या वरच्या कडेवर पाइपाचा वर्तुळाकार डाग अजून आहे.

आता पाइप इथे आले कसे, ते सांगते. मातीच्या नळ्या टोकोनामेत आधीही होत असत, पण हाताने घडवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. 1868 मध्ये जपानने दीपगृहं उभारण्यासाठी रिचर्ड हेन्री ब्रंटन या स्कॉटिश इंजिनिअरला नेमलं. योकोहामाच्या परदेशी वस्तीचे रस्ते आणि सांडपाण्याची व्यवस्था हेही काम त्याच्याकडे आलं. त्याला हवे होते एकाच मापाचे पाइप. सगळ्यांचा व्यास सारखा, एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात नेमकं बसणारं. 1870च्या दशकाच्या आरंभी हे काम टोकोनामेच्या कोइए होजू यांनी घेतलं. होजू (1821–1901) हे चढती भट्टी आणणाऱ्या त्याच घराण्यातले. त्यांनी लाकडी साचे करवून घेतले आणि साच्यावर घडवलेले, पक्के भाजलेले पाइप काढले.

हे वाक्य वाचायला सोपं आहे. यातली अडचण किती मोठी आहे ते मी सांगू शकते. सांडपाणी पंपाने ढकलत नाहीत, ते उताराने आपण होऊन वाहतं. सहा इंची पाइपाला साठास एक उतार द्यायचा, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. दोन पाइपांच्या जोडावर आत नखाएवढी पायरी राहिली तरी तिथे मैला अडकतो, त्यावर चिंधी अडकते, आणि एक दिवस कुणाच्या तरी मोरीत पाणी उलटं येतं. म्हणजे पाइप अचूक हवा. आणि माती तर आकसते, तीही भट्टीत कुठे ठेवली त्याप्रमाणे कमी-जास्त. भाजून झाल्यावर जे माप हवं त्यासाठी ओल्या मातीचं माप किती, हे प्रत्येक आकारासाठी शोधावं लागतं. रांजण बोटभर लहान झाला तर कुणाचं बिघडत नाही. पाइपाचं बिघडतं. सातशे वर्षं रांजण करणाऱ्या गावाला कोइए होजूंनी मापाची शिस्त लावली आणि जपानमध्ये आधुनिक शहरं उभी राहू लागली तेव्हा हे गाव तयार होतं.

पुढे रेल्वे आली. रुळांचे भराव भातशेतीतून गेले, पाटाचं पाणी अडलं. भरावाखालून पाणी पलीकडे न्यायला पाइप लागले. तेही टोकोनामेचे. होजूंचा एक पुतळा गावात आहे, आणि तो भाजक्या मातीचा आहे. असा पुतळा ब्राँझचा असता तर मला रुचला नसता.

पाइपांवरची ती तपकिरी काच कशी येते हे मला पुस्तकातून माहीत होतं, वाटाड्यांना हातातून माहीत होतं. भट्टी तापून लाल-पिवळी झाली की विस्तवात फावड्याने मीठ टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळतं आणि पाइपाच्या आत-बाहेर, जिथे वाफ पोचेल तिथे, काचेचा पातळ थर चढतो. ब्रशने लावलेली झिलई पाइपाच्या आत नीट पोचत नाही, वाफ पोचते. मिठातला क्लोरिन मात्र आम्लाची वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. त्यात दगडी कोळशाचा काळा धूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोळशाच्या चौकोनी भट्ट्या वाढल्या आणि पाइपांचं उत्पादन अफाट झालं. घरांच्या काळ्या फळ्या डांबर फासलेल्या आहेत. वाळत घातलेले कपडे आणि खोकणारी म्हातारी माणसं हे त्या काळातल्या गावाचं चित्र वाटाड्यांनी दोन वाक्यांत उभं केलं. शाळेतून घरी आल्यावर त्यांची आई आधी नाक धुवायला लावायची. आज ही धुराडी देखणी वाटतात, कारण ती विझलेली आहेत.

वाटेवरची सर्वात मोठी वास्तू म्हणजे तोएइगामा, 1887 मधली चढती भट्टी. टेकडीच्या उतारावर चढत जाणाऱ्या आठ खोल्या, आणि माथ्यावर एका ओळीत दहा धुराडी. जपानमध्ये टिकून राहिलेल्या सर्वात मोठ्या चढत्या भट्ट्यांपैकी ही एक. धुराडी एका उंचीची नाहीत. कडेची उंच, मधली बुटकी. आधी मला वाटलं, नंतर पडझड झाली असेल. तसं नाही. मधल्या भागात विस्तव आपोआप जास्त ओढला जातो, कडेच्या कोपऱ्यांत कमी. कडेची धुराडी उंच केली की तिथली ओढ वाढते आणि सगळ्या खोलीत ताप सारखा पसरतो. हवेचा असा हिशोब विटांत बांधलेला मी क्वचित पाहिलाय. भट्टीच्या आत शिरता येतं. भिंती काळसर, वितळून ओघळलेल्या, चकाकणाऱ्या. 1974 मध्ये तिच्यात शेवटचा विस्तव पेटला आणि 1982 मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाची लोकसंस्कृतीची ठेव म्हणून संरक्षण मिळालं. मी विचारलं, शेवटच्या भाजणीच्या वेळी गावात कसं वाटलं? वाटाडे म्हणाले, तोवर आमचा कारखाना बंदच झाला होता. सिमेंटचे पाइप आले, मग प्लास्टिकचे आले. प्लास्टिकचा पाइप एक माणूस खांद्यावर टाकून नेतो. मातीचा न्यायला दोघं लागायची आणि वाटेत एखादा फुटायचाच.

याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. प्लास्टिकचे पाइप मागवणाऱ्या फायलींवर माझ्या सह्या आहेत. लांबी जास्त, जोड कमी, गळती कमी. इंजिनिअर म्हणून तो निर्णय योग्यच होता. आम्लाला, उंदराला आणि गरम पाण्याला मात्र अजूनही भाजकी माती जास्त पुरून उरते.

आज टोकोनामेचं नाव चहाच्या किटलीशी जोडलेलं आहे, त्याबद्दलही सांगायला हवं. लाल मातीची, बिनझिलईची, बाजूला मूठ असलेली छोटी किटली, म्हणजे क्यूसू. चीनमधल्या यीशिंगच्या लाल किटल्या जपानी रसिकांना फार आवडायच्या. 1854 मध्ये सुगिए जुमोन यांनी एका वैद्याच्या सल्ल्यावरून टोकोनामेच्या मातीतून तशी लाल किटली सिद्ध केली. 1878 मध्ये कोइए घराण्याने चिनी जाणकार जिन शिहेंग यांना बोलावून घेतलं. चाक न वापरता मातीचे पत्रे थापून किटली घडवण्याची यीशिंगची रीत त्यांनी इथल्या कारागिरांना शिकवली. नंतर गाव पुन्हा चाकाकडे वळलं, पण नजर बारीक झाली ती झालीच. विसाव्या शतकात तिसरे यामादा जोझान या परंपरेतून पुढे आले आणि 1998 मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. एका दुकानात मी अशी एक किटली हातात घेतली. झाकण इतकं नेमकं बसतं की वरच्या भोकावर बोट ठेवलं की चोचीतून पाणी पडायचं थांबतं. लाखो पाइप एकमेकांत नीट बसवलेल्या गावात असं झाकण होणं मला अगदी साहजिक वाटलं.

वाटाडे एका गोष्टीबद्दल हळू आवाजात बोलले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानने ‘शूसुई’ नावाचं रॉकेटवर उडणारं लढाऊ विमान बनवायला घेतलं. त्याच्या इंधनाला तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड लागायचं. ते बहुतेक धातूंच्या टाकीत टिकत नाही, मातीच्या भांड्यात टिकतं. म्हणून टोकोनामेच्या कारखान्यांना मोठमोठे रांजण करायला लावले. शूसुई 7 जुलै 1945 रोजी पहिल्यांदा उडालं आणि त्याच उड्डाणात कोसळलं, वैमानिक मरण पावला. पुढच्या महिन्यात युद्ध संपलं. रांजण उरले.

मांजरींचा रस्ता मी पाहिला, कारण स्टेशनकडून येताना तो टाळता येत नाही. पंजा हलवून गिऱ्हाईक बोलावणारी मानेकी-नेको देशात सर्वाधिक इथे होते. भिंतीवर 39 कलावंतांनी केलेल्या 39 मांजरी आहेत आणि वर एक प्रचंड डोकं डोळे वटारून गावाकडे बघतं. मुलांना मजा येते. पाइपांचं गिऱ्हाईक गेल्यावर भट्ट्यांना काहीतरी काम हवंच होतं.

दुपारनंतर आम्ही लांबच्या, चार किलोमीटरच्या वाटेला लागलो. तिच्यावर एक संग्रहालय आहे, इना घराण्याच्या कंपनीतून उभं राहिलेलं. या घराण्याच्या धंद्याला वळण मिळालं ते एका हॉटेलमुळे. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट टोकियोत इंपीरियल हॉटेल बांधत होता. त्याला लाल नको, पिवळसर वीट हवी होती, अंगावर उभे ओरखडे काढलेली. त्यासाठी टोकोनामेत खास कारखाना निघाला आणि तंत्राचे सल्लागार म्हणून इना पितापुत्रांना घेतलं. लाखोंच्या संख्येने विटा आणि नक्षीचे ठोकळे इथून गेले. 1 सप्टेंबर 1923 रोजी हॉटेलचं उद्घाटन व्हायचं होतं, त्याच दुपारी कांतोचा महाभूकंप झाला. हॉटेल उभं राहिलं. 1960च्या दशकात ते पाडलं, पण त्याचा दर्शनी भाग इनुयामाच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारला आहे. हॉटेलचं काम संपल्यावर तिथल्या कारागिरांचं कौशल्य घेऊन 1924 मध्ये इना सेइतो ही कंपनी निघाली. पाइप, टाइल आणि युद्धानंतर संडासाची भांडी. पुढे तीच आयनॅक्स झाली आणि 2011 मध्ये लिक्सिल या मोठ्या कंपनीत मिसळली. रांजण, पाइप आणि कमोड ही एकाच मातीकामाची सलग वंशावळ आहे, आणि संग्रहालयात ती कुठलाही संकोच न बाळगता मांडली आहे.

तिथे 1921 मधली एक कोळशाची भट्टी आहे, बाहेर उंच विटांचं धुराडं. 1971 पर्यंत तिच्यात पाइप आणि टाइल भाजले. आत गेल्यावर विटांवर मिठाची काच चढलेली दिसते, पन्नास वर्षांची, थरावर थर. वाटाड्यांनी भिंतीला हात लावला नाही, मी लावला. मग आम्ही तिघं एका बाकावर बसलो आणि खरं बोलणं तिथे झालं. त्यांनी विचारलं, तुम्ही जोड कशाने भरायचात? मी सांगितलं, सिमेंटच्या पाण्यात भिजवलेली सुतळी आत ठासायची, मग सिमेंट-वाळूचा घट्ट मसाला, आणि बाहेरून पंचेचाळीस अंशांत तासून घ्यायचा. तडा गेलेला पाइप कसा ओळखायचा? ठोकून. खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर बाजूला. ते हसले. कारखान्यात त्यांचं पहिलं काम तेच होतं, भट्टीतून निघालेला प्रत्येक पाइप लाकडी हातोडीने ठोकून बघायचा.

तुमचे पाइप कुठे गेले, असं मी विचारलं. ते म्हणाले, होडीत किंवा मालगाडीत चढले की आमचा संबंध संपायचा, गावाचं नावही कळायचं नाही. मी त्यांना आमच्या कचेरीतल्या नकाशाबद्दल सांगितलं. जुन्या पेठेत एक तुटक रेघ असते, शेजारी पाइपाचा व्यास, त्याचा प्रकार आणि टाकल्याचं साल. उकरायची वेळ आली की ती रेघ शोधायची. त्यांनी विचारलं, रेघेवर बनवणाऱ्याचं नाव असतं का? मी म्हटलं, नाही, पण काही पाइपांवर शिक्का असतो आणि आम्ही तो वाचून नोंदवहीत लिहितो. मुलीने भाषांतर केलं. त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच लिहिता? मी सांगितलं की मी लिहायचे.